गॉथिक वाचायचंय? आधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा

दरवर्षी गणपती गेले की कोणीतरी मला विचारतंच, "काहीतरी गॉथिक सुचव ना, ऑटम वाइब्जवालं." मग मी सुचवते आणि दहा दिवसांनी तोच माणूस तोंड पाडून येतो, की दोनशे पानं झाली, नुसतं धुकं आणि जिने चाललेत, भूत कुठेय? चूक त्याची नसते. आपण धारप-मतकरी वाचून मोठे झालोय, आपल्याला तिसऱ्या पानावर काहीतरी दारात उभं लागतं. गॉथिक, म्हणजे जुन्या घरांच्या आणि जुन्या गुपितांच्या या भयकथा, वाचायची रीत वेगळी आहे, आणि कुठल्या क्रमाने वाचायचं याला तर प्रचंड महत्त्व आहे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते, पुढच्या वर्षी फक्त लिंक पाठवीन.

माझं क्वालिफिकेशन काय, तर काही नाही. आयटीवाली आहे. पण कामासाठी इंग्लंडमध्ये, लीड्सला दोन ऑटम काढलेत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर मागे करतात आणि मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारी साडेचारच्या सुमारास चक्क सूर्यास्त, ऑफिसमधून बाहेर पडावं तर रात्र. करायला काही नसायचं, वाचत बसायचे. आता पुण्यात ऑक्टोबर हीटमध्ये पंखा पाचवर ठेवून तीच पुस्तकं परत वाचते आणि तरी चालतं, हे आधीच सांगते, धुक्याची अट नाही.

सगळ्यात आधी: भुताची वाट बघणं सोडा

कुठलंही गॉथिक पुस्तक उघडलं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की हे घर कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या नावावर असायला हवं होतं? बास. ही एक किल्ली घेतली की नव्वद टक्के कुलपं उघडतात. गॉथिक म्हणजे भाऊबंदकीच, फक्त त्यात एका पक्षाचे लोक मेलेले असतात.

गंमत करत नाहीये. या प्रकारातली पहिली कादंबरी, होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो', १७६४ च्या डिसेंबरमध्ये आली. त्यात मुलाच्या लग्नाच्या दिवशी आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि नवरदेव खाली चेंगरून मरतो. आता बाप काय करतो? रडत बसत नाही, बायकोला सोडून होणाऱ्या सुनेशीच लग्न करायला निघतो, कारण वारस पाहिजे. का पाहिजे, तर किल्ला मुळात त्याच्या घराण्याचा नाहीच, बळकावलेला आहे आणि खरा वारस जिवंत आहे. सगळी भुतं, हलणारी चित्रं, शिरस्त्राण, हे सगळं त्या एका बोगस मालकीहक्कामुळे.

'गॉथिक' शब्द आला तोही वास्तूतूनच. टोकदार कमानी, उंच मनोरे, दगडी राक्षसी तोंडं असलेली मध्ययुगीन बांधणी, ज्याला नंतरच्या लोकांनी गॉथ टोळ्यांच्या नावाने शिवी म्हणून गॉथिक म्हटलं. मुंबईकरांनी तर हे रोज बघितलंय, व्हीटी स्टेशन, म्हणजे आताचं सीएसएमटी, त्याच शैलीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनातलं आहे. वॉलपोलने लंडनजवळ स्वतःसाठी असाच एक खोटा-खोटा किल्ला बांधला होता, स्ट्रॉबेरी हिल, आणि आतली नक्षीदार छतं काही ठिकाणी चक्क कागदाच्या लगद्याची. कादंबरीची पहिली आवृत्तीही त्याने अशीच खोटी छापली, म्हणे जुन्या इटालियन हस्तलिखिताचा अनुवाद आहे. लोकांना आवडली तेव्हा १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत कबूल केलं की मीच लिहिली, आणि तेव्हा तिला 'गॉथिक स्टोरी' असं म्हटलं.

पण ही पहिली म्हणून आधी वाचायला घेऊ नका. सगळे इथेच मरतात. ती शेवटाकडे वाचायची, तेव्हा तिची मजा येते.

सप्टेंबर: छोट्या गोष्टी, एका बैठकीतल्या

पहिला आठवडा फक्त कथा. एडगर ॲलन पोची 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' (१८३९) पहिली घ्या, कारण ती सुरूच होते एका मळभट, आवाज नसलेल्या शरदातल्या दिवशी, एक माणूस घोड्यावरून मित्राच्या घरी चाललाय आणि घर दिसताक्षणी त्याच्या पोटात गोळा येतो. आता आपला प्रश्न विचारा. अशर घराण्यात पिढ्यानपिढ्या एकच सरळ रेषा, फांद्याच नाहीत, त्यामुळे गावकरी घराला आणि घराण्याला एकाच नावाने ओळखतात. घराच्या भिंतीला वरपासून खालच्या तळ्यापर्यंत एक बारीक तडा गेलाय. शेवट पोने नावातच सांगून टाकलाय आणि तरीही वाचताना शेवटच्या दोन पानांत श्वास अडकतो. सावकाश वाचा, मोठ्याने वाचलीत तर उत्तमच.

दुसरी, शार्लट पर्किन्स गिलमनची 'द यलो वॉलपेपर' (१८९२). जेमतेम तासाभराची. बाळंतपणानंतर खचलेल्या एका बाईला तिचा डॉक्टर नवरा हवापालट म्हणून भाड्याच्या जुन्या बंगल्यात आणतो आणि लिहायचं नाही, विचार करायचा नाही, नुसतं पडून राहायचं असा हुकूम. तिला खोलीतल्या पिवळ्या वॉलपेपरच्या नक्षीमागे कोणीतरी दिसायला लागतं. पहिल्याच पानात ती म्हणते की एवढं स्वस्त का मिळालं हे घर, इतके दिवस रिकामं का होतं, आणि मग पुढे कळतं की वारसांचं काहीतरी कोर्टकचेरीचं लफडं होतं म्हणे. बघा! गिलमनला स्वतःलाच डॉक्टर वेअर मिचेल यांनी अशी सक्तीची विश्रांती दिली होती आणि गोष्टीत त्यांचं नाव सरळ घेतलंय. मला ही कथा या सगळ्या यादीत सगळ्यात जास्त भीतिदायक वाटते, आणि नुकतं बाळंतपण झालेल्या मैत्रिणीला न विचारता पाठवू नका, मी पाठवली होती, चुकलं माझं.

तिसरी थोडी हलकी, वॉशिंग्टन आयर्व्हिंगची 'द लेजंड ऑफ स्लीपी हॉलो' (१८२०). अमेरिकेतला ऑटम, भोपळे, बिनडोक्याचा घोडेस्वार. हिरो शाळामास्तर आहे आणि त्याला श्रीमंत शेतकऱ्याची मुलगी हवीय, खरं तर शेत हवंय, तो मनातल्या मनात ते विकून पुढे कुठे जायचं हेही ठरवून बसलाय. जेवणाची वर्णनं इतकी चविष्ट आहेत की भुकेल्या पोटी वाचू नये.

मग 'कार्मिला'. शेरिडन लेफॅन्यूची ही व्हॅम्पायर कथा १८७१-७२ मध्ये आली, म्हणजे 'ड्रॅक्युला'च्या पंचवीस वर्षं आधी. ऑस्ट्रियातल्या स्टिरिया भागात एक इंग्लिश बाप आणि त्याची एकटी वाढलेली मुलगी लॉरा, जंगलात एक किल्लेवजा घर, बापाला अगदी स्वस्तात मिळालेलं. (स्वस्तातलं घर दिसलं की सावध व्हायचं, हे एव्हाना लक्षात आलं असेल.) एका रात्री दाराशी बग्गी उलटते आणि त्यातली सुंदर मुलगी काही महिन्यांसाठी पाहुणी म्हणून राहते. दोन मुलींमधली ओढ आणि भीती एकाच वाक्यात कशी ठेवायची हे या माणसाला जमलंय. दोन संध्याकाळी पुरतात. 'ड्रॅक्युला'च्या आधी ही वाचाच, मग कळतं की त्याचा लेखक ब्रॅम स्टोकर कोणाच्या खांद्यावर उभा आहे.

ड्रॅक्युला: तारखेने वाचा, हट्टाने

आता या गाईडचा मुख्य भाग. १८९७ ची ही कादंबरी सगळी डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि एका डॉक्टरने फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी अशी आहे, आणि जवळपास प्रत्येक नोंदीला तारीख आहे. ३ मेला सुरू होते आणि ६ नोव्हेंबरला संपते. म्हणजे पुस्तकातला दिवस आणि आपला दिवस एकच ठेवून वाचता येतं. बरेच लोक हे मे महिन्यापासून करतात. पण मेमध्ये आपण आंबे खात असतो, कोणाला आठवतंय, म्हणून माझी पद्धत अशी आहे.

पहिली अकरा प्रकरणं गणपतीच्या आसपास केव्हाही उरका. पहिली चार तर सुसाटच जातात, जोनाथन हार्कर नावाचा कोवळा इंग्लिश वकील ट्रान्सिल्व्हेनियातल्या किल्ल्यात पोचतो आणि अडकतो. तो तिथे कशाला गेलाय माहितीये? काउंटला लंडनजवळची जुनी प्रॉपर्टी विकायच्या कागदपत्रांसाठी! जगातली सगळ्यात प्रसिद्ध भुताची कादंबरी एका खरेदीखताने सुरू होते. काउंट त्याला विचारतो की इंग्लंडमध्ये माणूस एकापेक्षा जास्त वकील ठेवू शकतो का, आणि अशा बारीकसारीक चौकशा करतो की कुठल्याही बिल्डरला लाजवेल. आणि पहिल्याच पानावर हार्कर लाल तिखट घातलेलं चिकन खातो, खूप आवडतं, पण तहान तहान होते, आणि होणाऱ्या बायकोसाठी रेसिपी घ्यायची अशी टीप लिहून ठेवतो. बिचारा.

सहाव्या प्रकरणात व्हिटबी येतं, यॉर्कशरच्या किनाऱ्यावरचं बंदर. इथे स्वेल्स नावाचा म्हातारा घोर यॉर्कशर बोलीत बोलतो, तुम्हाला ओ की ठो कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. अडकू नका. एवढंच घ्या की थडग्यांवर लिहिलेलं सगळं खोटं आहे, निम्म्या थडग्यांत माणूसच नाहीये, असं तो म्हणतोय. मी व्हिटबीला ऑक्टोबरमध्ये गेले होते, एकशे नव्व्याण्णव पायऱ्या चढून वर चर्च, थडगी आणि त्यामागे पडक्या ॲबीचा, म्हणजे जुन्या मठाचा सांगाडा, आणि वारा असा की छत्री उघडायचा विचारच सोडून द्यायचा. स्टोकर तिथे १८९० मध्ये सुट्टीला आला होता आणि 'ड्रॅक्युला' हे नाव त्याला तिथल्याच लायब्ररीतल्या एका पुस्तकात सापडलं. पुस्तकात ज्या वादळात रशियन जहाज किनाऱ्यावर आदळतं, तसं एक खरं रशियन जहाज तिथे १८८५ मध्ये फुटलं होतं.

बारावं प्रकरण १८ सप्टेंबरला सुरू होतं. इथून कॅलेंडर लावा. २० सप्टेंबरला काय होतं ते सांगत नाही, पण त्या रात्री लवकर जेवून घ्या. मग एक वॉर्निंग: २९ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर हा आठवडा भयंकर जड आहे, पुस्तकाचा जवळपास तिसरा हिस्सा या सात दिवसांत कोंबलाय. त्यात नवरात्र आलं तर अवघड आहे, फराळ-गरबा-ड्रॅक्युला एकत्र जमत नाही, त्यामुळे दोन दिवस मागे-पुढे झाले तरी चालेल. व्हॅन हेल्सिंग या डच प्राध्यापकाची लांबलचक भाषणं, मोडक्या इंग्लिशमधली, खुशाल चाळा. नंतर उलट ऑक्टोबरच्या मध्यात मंडळी बंदरात वाट बघत बसतात आणि आपणही त्यांच्याबरोबर नुसते बसतो, दिवसाला दोन ओळी. एका दमात वाचणाऱ्याला हा भाग रटाळ वाटतो. तारखेने वाचणाऱ्याला मात्र खरंच अस्वस्थ व्हायला होतं, की अरे, बातमी का येत नाहीये. ऑफिसमध्ये लंच करताना माझ्या मनात पहिला विचार "जहाज कुठे पोचलं असेल" असा यायला लागला होता. ६ नोव्हेंबरला संपवा.

मधल्या रिकाम्या दिवसांत: एका घराच्या तीन मालकिणी

ऑक्टोबरचा मधला काळ मोकळा मिळतो तिथे ही तीन पुस्तकांची साखळी लावायची, याच क्रमाने, मध्ये दुसरं काही नाही.

'जेन एअर', १८४७, शार्लट ब्राँटी. शाळेत संक्षिप्त आवृत्ती वाचली असेल ती विसरा. अनाथ मुलगी, गव्हर्नेसची (घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या बाईची) नोकरी, मोठं घर, वरच्या मजल्यावरून येणारं हसू. पैशांकडे लक्ष ठेवा: थोरल्या भावाला सगळी इस्टेट, धाकट्याला काही नाही म्हणून त्याचं लग्न तीस हजार पौंड हुंडा आणणाऱ्या जमैकातल्या मुलीशी, आणि त्या एका व्यवहारातून पुढचं सगळं रामायण.

मग लगेच जीन ऱ्हिसची 'वाइड सारगासो सी', १९६६. ऱ्हिस स्वतः कॅरिबियन बेटांतल्या डॉमिनिकाची, आणि तिने विचारलं की ती जमैकाची मुलगी कोण होती, तिची बाजू काय? पुस्तक छोटं आहे पण सुरुवातीला कोण बोलतंय ते कळत नाही, तिथे घाबरू नका, वीसेक पानांत सूर सापडतो. हे वाचल्यावर तुम्हाला जेनचा हिरो पूर्वीसारखा आवडणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आणि मग 'रिबेका', १९३८, डॅफ्नी ड्यू मॉरिए. लाजाळू नवी बायको, जिचं नाव अख्ख्या पुस्तकात कळत नाही, आणि मेलेली पहिली बायको, जिचं नाव रुमालावर, पत्राच्या कागदावर, सगळीकडे. आणि मिसेस डॅनव्हर्स, घराची व्यवस्था बघणारी बाई. नव्या सुनेने स्वयंपाकघरात डबा कुठे ठेवायचा यावरून जिला कधी टोमणा बसलाय तिला हे पुस्तक आतून कळतं, कुठल्याही समीक्षकापेक्षा जास्त. मी सासूबाईंना गोष्ट सांगायला लागले तर दुसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "अगं, हा तर 'कोहरा'!" बरोबर आहे, १९६४ चा वहिदा रेहमान-विश्वजीतचा 'कोहरा' यावरूनच बेतलाय. त्यामुळे एक सूचना, घरात जुनी हिंदी सिनेमेवाली मंडळी असतील तर पुस्तक संपेपर्यंत त्यांच्याशी विषय काढू नका.

वुदरिंग हाइट्स: आधी वंशावळ काढा

एमिली ब्राँटीचं हे पुस्तकही १८४७ चंच, पण मी साखळीत मुद्दाम घातलं नाही कारण याला वेगळी तयारी लागते. दोन पिढ्या, आई कॅथरिन, मुलगी पण कॅथरिन, एकाचं आडनाव दुसऱ्याचं पहिलं नाव, पन्नासाव्या पानाला डोकं गरगरतं. तर कागद घ्या, डावीकडे अर्नशॉ, उजवीकडे लिंटन, मध्ये हीथक्लिफ, आणि प्रत्येक जन्म-मृत्यू-लग्न लिहीत चला, सातबाऱ्यावर वारसनोंद करतो तसं. बाजूला दोन्ही घरांची नावं आणि सध्याचा मालक. मग जे दिसतं ते अफाट आहे: ज्याला प्रेमवेडा हिरो म्हणतात त्या हीथक्लिफने एक घर गहाणखतातून आणि दुसरं मुलाच्या लग्नातून आणि मृत्युपत्रातून अगदी कायदेशीर गिळलंय. सी. पी. सँगर नावाच्या एका वकिलाने १९२६ मध्ये या कादंबरीच्या तारखा आणि वारसाहक्काचा कायदा तपासून निबंध लिहिला होता आणि एमिलीचा हिशोब किती चोख आहे ते दाखवलं होतं. पाद्र्याची मुलगी, गावाबाहेर फारशी पडलेली नाही, आणि जमिनीचे कायदे असे पाठ.

जोसेफ नावाचा नोकर इथेही यॉर्कशर बोलतो. मोठ्याने वाचलं की निम्मं कळतं, उरलेलं सोडा. तो कायम शिव्याशाप आणि धर्मोपदेशच देत असतो.

शार्लट आणि एमिली या ब्राँटी बहिणींचं यॉर्कशरमधलं हॉवर्थचं घर मी बघितलंय. समोरच्या खिडकीतून दिसतं ते थेट कब्रस्तान, मध्ये छोटीशी बाग. १८५० मध्ये तिथली आरोग्य तपासणी झाली तेव्हा गावात मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं निघालं, आणि चाळीसेक टक्के मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत जायची. वरच्या अंगाला गच्च भरलेलं कब्रस्तान आणि घाण पाण्याचा निचरा धड नाही. त्यामुळे 'या बायकांना एवढं मरण कसं सुचलं' हा प्रश्न तिथे उभं राहिल्यावर पडत नाही.

नोव्हेंबर: फ्रँकेन्स्टाइन, आणि मग जुनी खोडं

मेरी शेलीचं हे पुस्तक १८१८ चं. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनने बनवलेला प्राणी जिवंत होतो ती रात्र नोव्हेंबरची आहे, पावसाळी, म्हणून नोव्हेंबर. इथे माझी किल्ली जरा अडकते, कारण या पुस्तकात घराचा वाद नाही. असलाच तर ज्याला कोणीच घरात घेत नाही त्याचा आहे. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी कवी बायरन, कवी शेली, बायरनचा डॉक्टर पोलिडोरी आणि अठरा वर्षांची मेरी पावसामुळे घरात अडकले आणि भुताच्या गोष्टी लिहायची पैज लागली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण तो पाऊस का होता, तर आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियात तंबोरा ज्वालामुखी फुटला होता आणि त्याच्या धुरळ्याने युरोपचा उन्हाळाच खाल्ला. त्याच पैजेतून पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर' (१८१९) निघाली.

विकत घेताना १८१८ ची मूळ आवृत्ती आहे की १८३१ ची सुधारलेली ते बघून घ्या. दोन्ही मिळतात. दुसरीत मेरीने नशिबाचा सूर वाढवला आणि व्हिक्टरची चूक जराशी सौम्य केली, मला पहिली जास्त तिखट वाटते. सुरुवातीची उत्तर ध्रुवाकडच्या जहाजावरची पत्रं कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका, शेवट तिथेच होतो. आणि मधला भाग, जिथे तो प्राणी स्वतः बोलतो, एका झोपडीच्या भिंतीआड लपून माणसांची भाषा शिकतो, कवी मिल्टन वाचतो, तो तर दोनदा वाचा. त्याचं नाव फ्रँकेन्स्टाइन नाही हे सांगायची गरज नसावी पण सांगते.

आता 'ओट्रँटो' वाचा, पाचच प्रकरणं आहेत, हसत हसत एका दिवसात होईल. त्यानंतर ॲन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो' (१७९४), फक्त ज्यांना नाद लागलाय त्यांनी. चार खंड. मी कॉलेजात पहिलं गॉथिक म्हणून हेच घेतलं होतं आणि पिरेनीज पर्वतातल्या झाडांतच हरवले. प्रवासवर्णनं आणि मध्ये मध्ये येणाऱ्या कविता गाळा, इटलीतल्या किल्ल्यापासून पकड घेतं. तिथला खलनायक बायकोला बुरुजात कशासाठी कोंडतो? तिच्या तुलूजच्या जमिनीवर सही पाहिजे म्हणून. ती मरते पण सही करत नाही, मग तो भाचीच्या मागे लागतो. रॅडक्लिफ बाई शेवटी प्रत्येक भुताचा खुलासा देतात, काहींना तो विरस वाटतो, मला गंमत वाटते. आणि मग जेन ऑस्टिनची 'नॉर्थँगर ॲबी', ज्यात एक मुलगी 'युडॉल्फो' वाचवाचून जुन्या घरातल्या कपाटात रहस्य शोधते आणि तिला सापडतो धोब्याचा हिशोब.

विसाव्या शतकातलं आणखी एकच सांगते, शर्ली जॅक्सनची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस', १९५९. घर तिरकं बांधलंय, प्रत्येक कोन किंचित चुकलेला, दारं आपोआप लागतात. आणि हो, त्या घराच्या इतिहासात दोन बहिणींचं घरावरून आणि नंतर चक्क डिनर सेटवरून भांडण आहे. रात्री एकटीने वाचू नका असं मी सहसा कोणत्याच पुस्तकाबद्दल म्हणत नाही. याच्याबद्दल म्हणते.

थोडं कामाचं

यादीतली शतकभर जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत, स्टँडर्ड ईबुक्सवर त्यातली बरीचशी जास्त देखण्या रूपात, आणि लिब्रीव्हॉक्सवर ऑडिओ. ऑडिओ वाचक हौशी असतात, दोन-तीन आवाज ऐकून निवडा. ऱ्हिस, ड्यू मॉरिए, जॅक्सन मात्र विकत किंवा लायब्ररीतून.

प्रस्तावना आधी वाचायची नाही. कधीच नाही. क्लासिक्सच्या प्रस्तावनेत प्राध्यापक मंडळी गृहीत धरतात की तुम्हाला शेवट माहितीये. 'रिबेका'चा सगळा उलगडा मला एका प्रस्तावनेच्या तिसऱ्या परिच्छेदात मिळाला होता आणि तो राग अजून गेलेला नाही.

इंग्लिश जड जात असेल तर जुन्या गद्याची युक्ती एकच, की लांब वाक्यात आधी क्रियापद शोधा आणि बाकी फापटपसारा नंतर. शब्दकोश पानाला एकदाच. दिवसाला वीस पानं भरपूर झाली. आणि मध्ये दिवाळी अंक येणार, १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला काढला तेव्हापासून या दिवसांत वाचत बसायची आपली सवय आहेच, तेव्हा दिवाळीचा आठवडा गॉथिकला सुट्टी दिलीत तरी काही बिघडत नाही, फक्त ड्रॅक्युलाची तारीख चुकवू नका.

एक पुस्तक मात्र ऑक्टोबरमध्ये घेऊ नका, सगळ्या याद्यांत असतं तरी. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' (१८९८). ती गोष्ट सुरूच होते ख्रिसमसच्या आदल्या रात्री, शेकोटीभोवती जमलेल्या मंडळींपासून, म्हणून २४ डिसेंबरसाठी राखून ठेवा, आणि एकट्याने नको, घरात निदान दोघांनी वाचा. वीस वर्षांची गव्हर्नेस, दोन अनाथ गोड मुलं, एकाकी बंगला, आणि तिला दोन मेलेली माणसं दिसतात. दिसतात की तिचं डोकं फिरलंय, यावर सव्वाशे वर्षं लोक भांडतायत. आमच्याकडे नवरा म्हणतो भुतं खरी, मी म्हणते बाई भ्रमात. सासूबाईंना मी चार संध्याकाळी मराठीत सांगत सांगत ऐकवली, त्यांनी दोघांनाही गप्प केलं. म्हणाल्या, भुतांचं सोडा, तो लंडनमधला काका कुठेय? बंगला त्याचा, पोरं त्याच्या भावाची, आणि सगळं एका परक्या पोरीच्या गळ्यात मारून वर सांगतो की मला पत्रसुद्धा पाठवायचं नाही.